पल्मोनरी आर्टरीत अशुद्ध रक्त कसं काय? अ‍ॅनाटॉमी डोक्यात बसेना, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) फर्स्ट इयरला आहे, बारावी आर्ट्सने केली त्यामुळे दहावीनंतर सायन्सशी संबंधच नव्हता आणि आता अ‍ॅनाटॉमी फिजिऑलॉजी एकदम अंगावर आलंय. हाडं पाठांतराने रेटली, पण हार्टपाशी गाडी अडकली. शाळेतलं डोक्यात होतं की धमनीत म्हणजे आर्टरीत शुद्ध रक्त आणि शिरेत म्हणजे व्हेनमध्ये अशुद्ध, परवा व्हायवात (तोंडी परीक्षेत) तेच ठोकून दिलं तर मॅडम म्हणाल्या मग पल्मोनरी आर्टरीचं काय? मी गप्प. चित्रात हार्टकडून फुफ्फुसाकडे जाणारी ती निळी (अशुद्ध) आणि फुफ्फुसाकडून येणारी पल्मोनरी व्हेन लाल (शुद्ध), सगळं उलटंच. त्यात राइट व्हेंट्रिकल (हार्टचा उजवा खालचा कप्पा) डाव्या हाताला! 15 दिवसांनी इंटर्नल आहे, कोणी साध्या भाषेत सांगेल का प्लीज.

प्रतिसाद 1:
शुद्ध-अशुद्ध आधी डोक्यातून काढ गं. ऑक्सिजन कमी-जास्त एवढंच, परतीच्या रक्तातही हिमोग्लोबिनवर 70-75 टक्के असतोच. नाव दिशेवरून पडतं, हार्टमधून बाहेर नेते ती आर्टरी, हार्टकडे आणते ती व्हेन, आत काय वाहतंय ते बघायचंच नाही. मी लेबर रूमला असते, नाळ कापली की तोंडाशी तीन भोकं मोजतो, दोन बारीक आर्टरी आणि एक मोठी व्हेन, आणि ऑक्सिजनवालं रक्त बाळाकडे आणते ती व्हेनच. चित्राचं म्हणशील तर पेशंट तुझ्याकडे तोंड करून उभाय असं समज, त्याचा उजवा तो राइट.

प्रतिसाद 2:
मटणवाल्याकडून बकऱ्याचं अख्खं दिल आणा, चिरू नको म्हणावं. (काळीज मागाल तर कलेजी देईल, कवितेतलं काळीज दुकानात लिव्हर असतं.) बोटांनी दाबा, मऊ लागते ती राइट बाजू, टणक ती लेफ्ट. राइटला शेजारच्या फुफ्फुसापर्यंतच ढकलायचंय, प्रेशर साधारण 25/10 पुरतं, लेफ्टला पार टाचेपर्यंत, म्हणून 120/80 आणि भिंत जवळपास तिप्पट जाड. चिरल्यावर आत व्हॉल्व्हला बांधलेले पांढरे दोरे दिसतील, झाकण उलटं फिरू नये म्हणून. आमच्या मुलीने ते बघून आठवडाभर मटण खाल्लं नाही ते सोडा.

धागाकर्ती:
आम्ही माळकरी आहोत हो, घरात दिल आणलं तर आजी मलाच बाहेर काढेल 😂 मैत्रिणीकडे बघते. पण ताई, पोर्टल व्हेन तर आतड्याकडून लिव्हरला जाते, हार्टकडे कुठे?

प्रतिसाद 1:
बरोब्बर पकडलंस. ती परतीच्या वाटेवरच आहे, फक्त मध्ये लिव्हरचा थांबा, आतड्यातून शोषलेलं बरंचसं आधी तिथे तपासून जातं. पुढे लिव्हरमधून निघणारी हिपॅटिक व्हेन, मग आयव्हीसी (खालच्या अंगाचं रक्त हार्टकडे आणणारी मोठी व्हेन), मग राइट एट्रियम (हार्टचा उजवा वरचा कप्पा). आणि आकृती काढशील तेव्हा लेफ्टची भिंत जाड दाखव, आमच्या बॅचमध्ये निम्म्या पोरींचे तिथेच मार्क गेले होते.