३क्ष + ४य = १२ या रेषेचा चढ ३ का नाही?

दहावीची आई
मुलीने बीजगणिताच्या पहिल्याच प्रकरणात ३क्ष + ४य = १२ चा आलेख काढला होता. आता भूमितीत, निर्देशक भूमितीच्या प्रकरणात, चढ आला, म्हणजे रेषा किती तिरपी ते सांगणारी संख्या. सहज विचारलं, तुझ्या त्या रेषेचा चढ किती? म्हणाली, ३, क्ष चा सहगुणक, म्हणजे क्ष ला गुणणारी संख्या. मलाही पटलं. पण (४, ०) आणि (०, ३) हे बिंदू चढाच्या सूत्रात (य मधला फरक भागिले क्ष मधला फरक) घातले तर −३/४ येतो. य = २क्ष + १ मध्ये तर सहगुणक २ आणि चढही २! मग इथेच काय बिनसलं?

अभियांत्रिकी, दुसरं वर्ष
आधी य एकटा करा. ४य = −३क्ष + १२, म्हणून य = −(३/४)क्ष + ३. आता क्ष चा सहगुणक हाच चढ. य एकटा नसेल तर तो सहगुणक चढ सांगत नाही.

निवृत्त गणित शिक्षक
रीत बरोबर आहे. पण ताई, नुसती रीत पाठ करून घेऊ नका, उणे चिन्ह हमखास सुटतं. मी वर्गात दुकान मांडायचो. पेन्सिल ३ रुपये, खोडरबर ४ रुपये, खिशात १२ रुपये आणि सगळे खर्चायचे. क्ष म्हणजे पेन्सिली, य म्हणजे खोडरबर. नुसते खोडरबर घेतले तर ३ येतात. चार पेन्सिली हव्या असतील तर ते तिन्ही परत ठेवावे लागतात. म्हणजे एका पेन्सिलीमागे पाऊण खोडरबर गेला. चढ उणे पाऊण तो हाच. समीकरणातला ३ हा पेन्सिलीचा भाव आहे, त्याला चढ समजू नये.

आता खिशात २४ रुपये द्या आणि त्याच आलेखावर दुसरी रेषा काढायला सांगा: (८, ०) आणि (०, ६). भाव तेच, म्हणून चढ तोच. दोन्ही रेषा समांतर येतील. हे तिने स्वतः पट्टी लावून बघायला हवं.

दहावीची आई
काढली, सर! पट्टी सरकवून तिनेच दाखवलं. आता विचारतेय, क्ष = ५ मध्ये य नाहीच, मग एकटा कोणाला करायचा?

निवृत्त गणित शिक्षक
शाब्बास! तिला (५, ०) आणि (५, ३) सूत्रात घालू द्या. छेदात ५ − ५, म्हणजे शून्य. शून्याने भागता येत नाही, म्हणून उभ्या रेषेचा चढ ठरवता येत नाही. "चढ शून्य" असं मात्र लिहू देऊ नका, तो य = ७ सारख्या आडव्या रेषेचा.