'ऑपलॉक बंद करा' हा सल्ला सरसकट देणं थांबवायला हवं

खटपट्या
घरच्या सर्व्हरवरची फाइल 'दुसऱ्या कुणीतरी उघडली आहे' म्हणून अडली, की उत्तर ठरलेलं: सांबाच्या (विंडोजवाल्यांना फाइली पुरवणारा सर्व्हरवरचा प्रोग्रॅम) सेटिंगमध्ये ऑपलॉक बंद करा. माझ्या मते हे म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

ऑपलॉक ही क्लायंटला, म्हणजे फाइल मागणाऱ्या कॉम्प्युटरला, मिळालेली सवलत असते. सध्या फाइल तुझ्या एकट्याकडेच आहे, तर खुशाल कॅश कर (प्रत स्वतःकडे ठेवून काम कर), एवढाच तिचा अर्थ. दुसऱ्यानं फाइल मागितली की सर्व्हर ती काढून घेतो. फाइल अडते ती बहुधा शेअर मोडमुळे. उघडतानाच प्रोग्रॅमनं 'माझं होईपर्यंत दुसऱ्याला लिहू देऊ नका' असं बजावलेलं असतं. नाहीतर ऑफिसची ~$ नं सुरू होणारी लपलेली फाइल क्रॅशनंतर मागे राहिलेली असते. ऑपलॉक बंद केल्यानं यातलं काहीच हलत नाही, वेग मात्र जातो.

सर्व्हरवर 'एसएमबीस्टेटस' ही सांबाची कमांड चालवून बघा. उघड्या फाइलींच्या यादीत 'डिनायमोड' (म्हणजे शेअर मोड) आणि 'ऑपलॉक' हे चक्क दोन वेगळे रकाने आहेत. फाइल कुणी धरून ठेवलीय तेही पीआयडीसकट (प्रोसेसच्या नंबरासकट) कळतं.

साधासरळ
थिअरी मान्य. पण घरात रकाने वाचत कोण बसणार? आमच्याकडे विंडोजवाले एसएमबीनं (सांबाचा फाइल शेअरिंगचा प्रोटोकॉल) येतात, लिनक्सवाले त्याच फोल्डरवर एनएफएसनं (तसाच दुसरा प्रोटोकॉल). एनएफएसकडून फाइल बदलली तरी सांबाला पत्ता नसतो. विंडोजवाला कॅशमधली जुनी प्रत धरून बसतो आणि सेव्ह केलं की समोरच्याचं काम गेलं. ऑपलॉक बंद केले, कटकट मिटली. वेग गेला तर गेला.

खटपट्या
तुमची फाइल अडत नव्हती हो, जुनी दिसत होती. दुखणं वेगळं. त्यासाठी सांबाचं 'कर्नल ऑपलॉक्स' सेटिंग आहे: एनएफएसवाल्यानं फाइलला हात लावला की लिनक्सचा कर्नल (सिस्टिमचा गाभा) सांबाला कळवतो. त्याहून सोपं म्हणजे लिनक्सवरही फोल्डर एसएमबीनंच माउंट करा (जोडा). एका फोल्डरला दोन प्रोटोकॉल हवेतच कशाला?

तारवाला
झोपलेल्या लॅपटॉपबद्दल कुणी बोलतच नाहीये! झाकण मिटलं तरी सर्व्हरच्या लेखी कनेक्शन जिवंतच असतं. लिनक्सवर टीसीपी कीपअलाइव्हची (समोरचा अजून आहे का, या चौकशीची) मूळ वेळ ७२०० सेकंद, म्हणजे दोन तास शांतता झाल्यावर पहिली चौकशी. तोवर लॉक तसंच लटकलेलं. सांबाच्या 'सॉकेट ऑप्शन्स'मध्ये ही वेळ कमी करता येते. एनएफएसची चौथी आवृत्ती इथे शहाणी आहे: लिनक्स सर्व्हरवर साधारण ९० सेकंदांची लीज (लॉकची मुदत), नूतनीकरण झालं नाही की लॉक दुसऱ्याला देता येतं. म्हणून माझं मत खटपट्यांच्या उलट. ठेवायचा तर एनएफएस ठेवा.

आणि एसक्यूलाइट या डेटाबेसवर चालणारा फोटो कॅटलॉग कृपा करून शेअरवर (सर्व्हरवरच्या सामायिक फोल्डरमध्ये) टाकू नका. त्याचा 'वॉल' मोड (बदल आधी वेगळ्या लॉग फाइलमध्ये लिहिण्याची पद्धत) नेटवर्क फाइलसिस्टिमवर चालतच नाही, मग लॉक कुठलंही असो.

साधासरळ
विंडोजवाल्यांना एनएफएस शिकवायला तुम्ही येणार का? मी हिशेबाच्या शेअरवर ऑपलॉक बंदच ठेवणार. सिनेमांच्या शेअरवर चालू आहेत, तिथे कुणी लिहीत नाही.

खटपट्या
शेअरपुरतं करताय तर माझा विरोध निम्मा गेला. पण अख्ख्या शेअरऐवजी 'व्हेटो ऑपलॉक फाइल्स' या सेटिंगमध्ये (ज्यांना ऑपलॉक द्यायचा नाही अशा फाइलींची यादी) फक्त हिशेबाच्या फाइलींचं एक्स्टेन्शन टाका, बाकीच्यांचा वेग तरी वाचेल.