लॉगिनच्या वेळची कोटा तपासणी काढू नये, आवरावी

सकाळच्या पहिल्या तासाला लॉगिन अडकते म्हणून लिनक्सच्या प्रोफाइल फाइलमधील (लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञांची फाइल) कोटा तपासणीच, म्हणजे वापरकर्त्याने ठरवून दिलेली डिस्कवरची जागा ओलांडली का हे पाहणेच, काढून टाकावे, ही सूचना मला पटत नाही. होम डिरेक्टरी (वापरकर्त्याचे स्वतःचे फोल्डर) एनएफएसवर, म्हणजे नेटवर्कवरून जोडलेल्या सर्व्हरच्या डिस्कवर, असेल, तर कोटा आज्ञा दर लॉगिनला सर्व्हरवरील आरकोटाडी या कोटाची माहिती देणाऱ्या सेवेकडे विचारणा करते. मुंबईतल्या आपल्या महाविद्यालयांत अख्खी बॅच एकदम लॉगिन करते आणि नेमकी तेव्हाच ती सेवा उत्तर देईनाशी झाली, की प्रत्येक जण कोऱ्या पडद्यासमोर ताटकळतो. त्यावर उपाय म्हणून कोटा आज्ञेआधी टाइमआउट ही आज्ञा लावून २ सेकंदांची मर्यादा घालावी आणि ‘क्यू’ पर्याय द्यावा, म्हणजे कोटा ओलांडलेल्यांनाच संदेश दिसेल. तपासणी केवळ इंटरॅक्टिव्ह शेलमध्येच (जिथे वापरकर्ता स्वतः आज्ञा टाइप करतो) चालावी, हे मी आवर्जून सांगेन, कारण बॅशआरसी या शेल सुरू होताना वाचल्या जाणाऱ्या फाइलमधून छापली गेलेली एक अनावश्यक ओळसुद्धा एससीपीचे, म्हणजे नेटवर्कवरून फाइल कॉपी करणाऱ्या आज्ञेचे, काम बिघडवू शकते. सॉफ्ट मर्यादा (काही काळ ओलांडता येणारी जागेची मर्यादा) ओलांडल्यावर सहसा ७ दिवसांची सवलत असते. ती संपल्यावर नवीन काही साठवता येत नाही, आणि प्रोजेक्ट जमा करायच्या आदल्या रात्री विद्यार्थ्याला हे कळणे फार वाईट. जे आठवडाभर लॉगिनच करत नाहीत, त्यांच्यासाठी क्रॉनमधून (ठरलेल्या वेळी आज्ञा आपोआप चालवणारी सेवा) रोज वॉर्नकोटा ही कोटा ओलांडलेल्यांना कळवणारी आज्ञा चालवून ईमेल पाठवावा.