घरगुती व्हॉल्व्ह अँप: मेनचा एकच फ्यूज पुरे, की एचटीलाही (व्हॉल्व्हच्या उच्च-व्होल्टेज डीसी पुरवठ्यालाही) वेगळा हवा?

काचेचा दिवा:
घरी बांधलेल्या व्हॉल्व्ह अँपच्या (काचेच्या व्हॉल्व्हवर चालणाऱ्या ध्वनिवर्धकाच्या) पाठीमागे बहुधा एकच फ्यूज दिसतो, तोही १ अँपिअरचा. का, तर दुकानात तोच मिळाला. मला हे मान्य नाही. ईएल८४ या आउटपुट व्हॉल्व्हचा सिंगल-एंडेड (दर बाजूला एकच आउटपुट व्हॉल्व्ह) स्टिरिओ घ्या: दोन ईएल८४, त्यांच्या आधी एक छोटा व्हॉल्व्ह ईसीसी८३, सिलिकॉन डायोड. हीटरला ६.३ व्होल्टवर १.८२ अँपिअर, म्हणजे साडेअकरा वॅट. एचटीला ३०० व्होल्टवर ११० मिलिअँपिअर, म्हणजे ३३ वॅट. ट्रान्सफॉर्मरमध्ये जाणारं धरून ५०-५५ वॅट झाले. २३० व्होल्टवर हे ०.३ अँपिअरच्या आसपास येतं. तिथे १ अँपिअर कशासाठी? मेनला ५०० मिलिअँपिअर स्लो-ब्लो आणि एचटीला स्वतंत्र फ्यूज, हे माझं मत.

सोल्डरगन:
दादा, कागदावर ठीक आहे. टोरॉइड (कड्याच्या आकाराचा ट्रान्सफॉर्मर) असेल तर स्विच दाबल्या दाबल्या ५००चा फ्यूज उडतो. गार हीटर, रिकामे कपॅसिटर, सगळे एकदमच ओढतात. दोनदा उडाला की माणूस तिसऱ्यांदा तांब्याची तार गुंडाळतो, हे सगळ्यांनी पाहिलंय. त्यापेक्षा १ अँपिअर बरा. आणि एचटीत २५० व्होल्टचा काचेचा फ्यूज लावणं मला धोक्याचं वाटतं. ३०० व्होल्ट डीसीवर तार वितळली तरी आर्क (तुटलेल्या टोकांमधली ठिणगी) विझेलच असं नाही.

काचेचा दिवा:
उडतो तो फास्ट फ्यूज. टोपीवर टी (स्लो-ब्लो) कोरलेला घ्या, एफ (फास्ट) नको. टी सुरुवातीचा धक्का सोसतो. तरी टोरॉइडचा त्रास होत असेल तर प्रायमरीत एनटीसी (गार असताना करंट रोखणारा, तापल्यावर सोडणारा रेझिस्टर) टाका, पण फ्यूज वाढवू नका. आर्कचा मुद्दा शंभर टक्के खरा आहे, म्हणूनच एचटीचा फ्यूज रेक्टिफायरच्या नंतर नाही, २४०-०-२४० वाइंडिंगच्या सेंटर टॅपमध्ये (मधून काढलेल्या तारेत) लावायचा. तिथे करंट दर अर्ध्या सायकलला शून्यावर येतो, आर्क विझतो.

सोल्डरगन:
मग मेनचा ५००च कशाला? एक व्हॉल्व्ह आतून शॉर्ट होऊन एचटीत ४०० मिलिअँपिअर वाहिले, तरी मेनला पाऊण अँपिअरच होतात. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानकाचा फ्यूज दीडपट करंट निदान तासभर धरून ठेवतो. म्हणजे तुमचा ५००सुद्धा उडणार नाही आणि ट्रान्सफॉर्मर भाजत राहील.

काचेचा दिवा:
अगदी बरोबर, आणि एचटीचा फ्यूज हवा तो याचसाठी. मेनचा फ्यूज डायोड शॉर्ट झाला किंवा वाइंडिंग बसलं तर कामाला येतो.

जुना रेडिओ:
दोघांनी एक गोष्ट सोडली. सेंटर टॅपमधला आरएमएस करंट (फ्यूज ज्याने तापतो तो) डीसीच्या १.६ ते १.८ पट असतो. ११० मिलिअँपिअरचे तिथे जवळपास २०० होतात. डीसी बघून १६०चा फ्यूज लावला तर तो रोज तापून एके दिवशी विनाकारण जाईल. तिथे २५० टी घ्या. पण कपलिंग कपॅसिटर (दोन व्हॉल्व्हमधला, डीसी अडवणारा) गळायला लागून व्हॉल्व्हची प्लेट लाल झाली, तर यातला कुठलाच फ्यूज उडणार नाही. फ्यूज ट्रान्सफॉर्मर वाचवतो, व्हॉल्व्ह नाही. जुने बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे) ईएल८४ ज्यांच्याकडे आहेत त्यांनी कॅथोड रेझिस्टरवरचं व्होल्टेज अधूनमधून मोजावं.

सोल्डरगन:
काका, हे पटलं. पण नवख्याला दोन फ्यूज सांगितले की तो हमखास दुसरा फिल्टर कपॅसिटरच्या पुढे लावणार. तो उडाला की अँप मुका, पण कपॅसिटरवर ३२० व्होल्ट तसेच! सर्किट मेलं समजून माणूस हात घालेल. माझा विरोध मुख्यतः यालाच आहे.

काचेचा दिवा:
ब्लीडर (कपॅसिटर रिकामा करणारा रेझिस्टर) थेट त्या कपॅसिटरच्या पायांवर लावा, फ्यूजच्या पलीकडे नाही. २२० किलोओहम, २ वॅट. ४७ मायक्रोफॅरड असेल तर मिनिटभरात रिकामा होतो. तरीही हात घालण्याआधी मीटर लावायचाच.

जुना रेडिओ:
आणि अमेरिकन सर्किट बघून बांधणाऱ्यांनो, १२० व्होल्टसाठी २ अँपिअर लिहिलंय म्हणून इथे २चा लावू नका. आपल्याकडे त्याचा निम्मा. फ्यूज फेजमध्ये, स्विचच्या आधी, आणि चासीला अर्थ.

सोल्डरगन:
ब्लीडर असेल तर एचटी फ्यूजला माझी ना नाही. मेनला मात्र मी ६३० टी लावणार. आमच्याकडे रात्री २५० व्होल्ट येतात.