पामुक्कले: आधी गरम पाण्याची कुंडे पाहावीत की हिएरापोलिसचे अवशेष?

प्रश्न:
पुढील महिन्यात आम्ही तुर्कस्तानला जात असून पामुक्कलेसाठी हाती एकच दिवस आहे. सोबत आई आहे आणि तिला गुडघेदुखीचा त्रास आहे. पांढरी कुंडे आणि वरचे हिएरापोलिस हे प्राचीन शहर ही दोन्ही ठिकाणे तिला फार न दमवता पाहता येतील का, आणि कोणत्या प्रवेशद्वाराने जाणे सोयीचे ठरेल?

पहिले उत्तर:
माझ्या मते उत्तरेच्या दरवाजाने जावे आणि अवशेष आधी पाहावेत. आत शिरताच बाराशेहून अधिक थडग्यांची दफनभूमी लागते. तेथील एक दगडी थडगे पाण्यातून साचत गेलेल्या चुन्यात निम्मेअधिक गाडले गेले आहे. त्याच्यापाशी थोडा वेळ थांबा, कारण डोंगर कसा वाढत गेला हे तेथे डोळ्यांना दिसते. जमिनीतून सुमारे ३५ अंश सेल्सिअस तापमानाचे, विरघळलेल्या चुन्याने भरलेले पाणी वर येते, त्यातील कार्बन डायऑक्साइड हवेत निघून जातो आणि मागे राहिलेला चुना आधी साईसारखा मऊ बसून पुढे दगड होतो. भूगर्भातून येणारा हाच वायू प्लुटोनियन या गुहेत साठतो. आपण आत सोडलेल्या चिमण्या तत्काळ मेल्या, असे ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो याने लिहून ठेवले आहे. हे शहर या पाण्यामुळेच नावारूपाला आले; म्हणून केवळ कुंडांत छायाचित्रे काढून परतणाऱ्यांविषयी मला मनापासून वाईट वाटते.

दुसरे उत्तर:
वरील माहिती उत्तम आहे. परंतु आईंचे गुडघे दुखत असतील तर दक्षिणेचा दरवाजा निवडा, कारण तेथून कुंडांचा वरचा काठ बराच जवळ पडतो. गावाकडच्या खालच्या दरवाजाने मात्र त्यांना नेऊ नका. तेथून संपूर्ण चढ अनवाणी चढावा लागतो, कारण चुन्याच्या थरावर पादत्राणांना सक्त मनाई आहे. कोरड्या भागात तळव्यांना बारीक खडबडीत कंगोरे टोचतात आणि वाहत्या पाण्यात पाय घसरतो. पादत्राणे ठेवायला एक पिशवी जवळ असू द्या. सर्व कुंडे एकाच वेळी भरलेली दिसणार नाहीत, कारण थर पांढरे राहावेत यासाठी पाणी पाळीपाळीने सोडले जाते. १९८८ साली जागतिक वारसा यादीत आलेल्या या ठिकाणी वर हॉटेले उभी होती आणि त्यांच्यामुळे थरांची मोठी हानी झाली होती, हे ध्यानात घेतले तर ही शिस्त जाचक वाटत नाही.

प्रश्नकर्ता:
दोघांचेही आभार. आईला दक्षिणेच्या दरवाजाने नेऊन काठावरच पाय पाण्यात सोडून बसवीन. वरच्या शहरातील रंगमंडल, म्हणजे प्राचीन खुले नाट्यगृह, तिला झेपेल का?

दुसरे उत्तर देणारे:
रंगमंडलाची वाट चढाची आहे आणि आतील पायऱ्याही उभ्या आहेत, त्यामुळे तेथे तुम्ही एकटे जाऊन या. तेवढ्या वेळात आईंना जुन्या रोमन स्नानगृहातील संग्रहालय सावकाश पाहता येईल.