शेजारच्या आजी म्हणतात, तो जिवंत राहावा म्हणून मी त्याला मत देणार नाही

रानजाई
१९ जानेवारी २००८

मंडळी, राजकारणावर मी इथे सहसा लिहीत नाही पण हे दोन दिवस डोक्यातून जातच नाहीये म्हणून विचारते. आम्ही दीड वर्ष झालं साउथ कॅरोलिनात कोलंबियाला राहतो, मी एच-४ वर, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीमुळे मिळालेल्या व्हिसावर, त्यामुळे मला मत वगैरे काही नाही. येत्या शनिवारी, २६ तारखेला, इथे डेमोक्रॅट्सची प्रायमरी आहे, म्हणजे राष्ट्राध्यक्षपदासाठी पक्षाचा उमेदवार ओबामा, हिलरी वगैरेंमधून निवडायचं मतदान.

आमच्या शेजारी एक कृष्णवर्णीय आजी राहतात, साठी ओलांडलेली, नर्स होत्या, आता रिटायर झाल्यात. माझी मुलगी झाली तेव्हा आई भारतातून येईपर्यंतचे पंधरा दिवस या बाईंनीच काढले, बाळाला पहिली अंघोळ त्यांनीच घातली. ओबामाचा पेपरातला फोटो त्यांच्या फ्रिजवर कधीपासून लावलेला आहे. डिसेंबरात टीव्हीवरची ओप्रा आली होती ना त्याच्या प्रचाराला, इथल्या फुटबॉल स्टेडियमवर, तेव्हा त्या घसा बसेपर्यंत ओरडून आल्या होत्या. आणि परवा मी गेले तर कोलार्डची पानं निवडत बसलेल्या, मी सहज विचारलं की शनिवारी किती वाजता जाणार, गाडी हवी असेल तर मी नेते, तर हातातलं पान खाली ठेवून म्हणाल्या की मी त्याला मत देणार नाही, हरला तर घरी तरी जाईल त्या दोन पोरींकडे, जिंकला तर हे लोक त्याला मारतील. मुली नऊ आणि सहा वर्षांच्या आहेत हेही त्यांना पाठ. मला काय बोलावं सुचेना, मी गप्प बसून पानं निवडू लागले.

त्या मूळच्या ऑरेंजबर्गच्या, इथून तासाभराच्या आतलं गाव. ८ फेब्रुवारी १९६८ ला तिथल्या कॉलेजात हायवे पोलिसांनी निःशस्त्र काळ्या पोरांवर गोळ्या झाडल्या, तीन मेली, पंचवीसच्या वर जखमी झाली, आणि कारण काय तर गावातल्या बोलिंग अ‍ॅलीत काळ्यांना घेत नव्हते म्हणून ती पोरं निदर्शनं करत होती. नऊ पोलिसांवर खटला झाला, सगळे सुटले. तेव्हा आजी बाविशीच्या, त्याच गावात राहत होत्या.

माझा प्रश्न असा की ही भीती फक्त यांची आहे की तुमच्याकडे पण असं ऐकू येतं? आणि मी त्यांना काय सांगू?

*

सुमेध_अटलांटा
१९ जानेवारी २००८

रानजाई, फक्त त्यांची नाही हो. माझ्या ऑफिसात जे वयस्कर काळे सहकारी आहेत त्यांच्याशी जेवताना विषय निघाला की दहा मिनिटांत गाडी ६८ वर येते, एप्रिलमध्ये मेम्फिसला मार्टिन लूथर किंग, जूनमध्ये लॉस एंजेलिसला राष्ट्राध्यक्षपदाला उभा राहिलेला बॉबी केनेडी. दोन महिन्यांत दोन माणसं गोळी घालून मारली. ज्यांनी ते रेडिओवर ऐकलं त्यांना तुम्ही आशा ठेवा म्हणून कसं सांगणार.

काळे जनरल कॉलिन पॉवेल १९९५ मध्ये राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहणार अशी जोरदार हवा होती, त्यांच्या बायकोला हीच धास्ती होती, शेवटी ते उभे राहिलेच नाहीत. आणि ओबामाला सिक्रेट सर्व्हिस, म्हणजे राष्ट्राध्यक्षांना असतं ते सरकारी संरक्षण, गेल्या मे महिन्यातच मिळाली, म्हणजे मतदानाच्या तब्बल १८ महिने आधी, इतक्या लवकर कुठल्याच उमेदवाराला आजवर दिलेली नव्हती. सरकारलाच जर भीती वाटतेय तर आजींना वाटली तर नवल काय?

पण त्याची बायको मिशेल ओबामा नोव्हेंबरात तुमच्या आजींच्या गावीच बोलून गेली आहे यावर, ऑरेंजबर्गला. तिने मावशी-आजींच्या सोफ्याचं उदाहरण दिलं, जन्मभराची पुंजी घालून नवं फर्निचर घेतात आणि ते खराब होऊ नये म्हणून वर प्लॅस्टिक घालून ठेवतात, तशी ही भीती प्रेमातूनच येते म्हणाली. हे वाचताना मला आमचं ठाण्याचं घर आठवलं, सोफ्यावरचं प्लॅस्टिक माझ्या मुंजीपर्यंत निघालं नव्हतं. हे त्यांना वाचून दाखवा. बाकी कुणाही पुरुषाने समजावण्यापेक्षा ते बरं.

*

कौस्तुभ_एनजे
२० जानेवारी २००८

सुमेधला मोदक, म्हणजे अनुमोदन. पण मला वेगळीच भीती वाटते. लोक पोलवाल्यांना फोनवर हो म्हणतात आणि पडद्याआड गेल्यावर हात थरथरतो. १९८२ ला कॅलिफोर्नियात टॉम ब्रॅडली, लॉस एंजेलिसचा काळा महापौर, सगळ्या पोल्समध्ये पुढे होता आणि गव्हर्नरकी गेली. आता ८ तारखेला न्यू हॅम्पशायरला पण पोल्समध्ये ओबामा पुढे होता आणि जिंकली हिलरी. मान्य, त्याच्या पाचच दिवस आधी आयोवाने ओबामाला निवडून दिलं, जिथे ९० टक्क्यांच्या वर गोरे आहेत, त्या रात्री मी दोन वाजेपर्यंत टीव्हीसमोरून उठलो नव्हतो. म्हणून तर आता जास्त धास्ती आहे, आधी काही अपेक्षाच नव्हती.

आणि काळी मतं त्याचीच असं धरून चालू नका. जॉन लुईससारखा, काळ्यांच्या हक्कांच्या मोर्चात सेल्माच्या पुलावर पोलिसांकडून डोकं फोडून घेतलेला माणूस आज हिलरीच्या बाजूला आहे.

*

गोदाकाठ
२० जानेवारी २००८

मी नांदेडचा, अमेरिका कधी पाहिली नाही, तरी लिहितो. जोतिबांनी १८७३ मध्ये गुलामगिरी हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटणाऱ्या लोकांना अर्पण केला होता, त्यामुळे हा विषय आपल्याला लांबचा नाही.

१९७८ च्या नामांतराच्या दंगलीत आमच्या वस्तीतली घरं जळाली. पुढे नव्वदच्या दशकात आमच्या गावची सरपंचाची जागा राखीव सुटली, माझे वडील शिकलेले, सगळी वस्ती म्हणाली अण्णा तुम्हीच उभे राहा. अर्ज भरून आले तर आजी दारातच बसली, म्हणाली खुर्चीपायी जीव घालवू नको लेकरा, मी एकदा घर जळताना बघितलंय, आता पुन्यांदा न्हाई बघणार. दोन दिवस जेवली नाही. वडिलांनी अर्ज मागे घेतला आणि मोठ्या वाड्यावरच्यांनी त्यांच्याच शेतावरचा एक गडी उभा करून पाच वर्षं कारभार केला. आजी नंतर दर निवडणुकीला वडिलांना विचारायची, अण्णा, यंदा जागा कोणाला सुटली. वडील उत्तर द्यायचे नाहीत.

ताई, तुमच्या आजींना चूक म्हणू नका. फक्त एवढं सांगा की ओबामाचा अर्ज भरून झालाय. तो आणि त्याची बायको ठरवून बाहेर पडलेत, आता मागे फिरणार नाहीत. मत नाही दिलं म्हणून त्याच्यावरची गोळी चुकणार नाही, फक्त तो एकटा पडेल.

*

रानजाई
२७ जानेवारी २००८

सगळ्यांचे मनापासून आभार, गोदाकाठ दादा, तुमचं मी रडत रडत वाचलं आणि जमेल तसं इंग्रजी करून आजींना सांगितलं. त्यांनी तुमच्या आजीचं नाव विचारलं, मला माहीत नव्हतं.

सोमवारी किंग यांच्या सुट्टीला त्या मला स्टेट हाउसला, म्हणजे इथल्या विधानभवनाला, घेऊन गेल्या, तिघेही उमेदवार आले होते. तिथे आवारातच कॉन्फेडरेट, म्हणजे गुलामगिरी टिकवायला लढलेल्या दक्षिणेचा, झेंडा तेव्हा अजून फडकत होता, त्या त्याच्याकडे पाठ करून उभ्या राहिल्या, पूर्ण वेळ.

काल सकाळी साडेसहाला त्यांनीच माझं दार वाजवलं, चर्चचा कोट, टोपी, लिपस्टिक. मतदान सातला सुरू होतं. मी बाळाला घेऊन गाडीत थांबले. बाहेर आल्या, छातीवर स्टिकर, काही बोलल्या नाहीत, मी पण विचारलं नाही. रात्री निकाल आला, ओबामाला ५५ टक्के, हिलरी त्याच्या निम्म्यावरच. मी धावत शेजारी गेले तर त्या टीव्हीसमोर उभ्या, गालावर पाणी, हसतायत आणि एकीकडे पडद्याकडे बोट दाखवून ओरडतायत, तो भाषण संपवून लोकांचे हात हातात घेत होता ना, त्याला आत न्या कोणीतरी, अरे त्याला आत न्या.