शेगडी पेटते, पण खोली गारच

ग्वाल्हेरच्या जानेवारीत लोखंडी शेगडीत कितीही लाकडं घातली तरी खोली तापत नाही म्हणताय, तर माझा पहिला संशय लाकडावर. ताजं लाकूड वजनाने जवळजवळ निम्मं पाणीच असतं. त्याची वाफ करण्यातच आच खर्ची पडते. वखारवाला 'सुकं आहे' म्हणणारच! फोडलेली बाभूळ छपराखाली, वारा लागेल अशी रचून पुढच्या हिवाळ्यापर्यंत वाळवा. ओलावा 20 टक्क्यांखाली हवा. दोन तुकडे आपटले की टणटणीत वाजतात.

दुसरं, धुराड्याची झडप सताड उघडी असेल तर ऊब थेट ग्वाल्हेरातल्या लष्कर भागाच्या आभाळात. जाळ धरला की ती थोडी ओढा, पूर्ण बंद नको. बिनधुराड्याची कोळशाची शेगडी मात्र निजण्याआधी खोलीबाहेर काढाच. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो.